सावरीवरची गिनती

परवा मला एका लोखंडी कपाटाचं बोलावणं आलं. फोनवर आवाज हेडमास्तरांचा होता, पण बोलावणं कपाटाचंच. शाळेचं रंगकाम काढलंय, जुनं सामान बाहेर निघतंय, खालच्या खणात तुमच्या बाबांच्या वस्तू आहेत, घेऊन जा, नाही तर गुरुवारी भंगारवाला येतोय, असं ते म्हणाले. भंगारवाल्याच्या आधी पोचायचं म्हणून मी बुधवारची पहिली बस धरली. गुडीहत्नूरला उतरले, इचोड्याकडे जाणाऱ्या ऑटोत सहा माणसं, दोन कोंबड्या आणि एक कूलर यांच्यामध्ये स्वतःची घडी घालून बसले, आणि फाट्यापासून उरलेले दोन कोस चालत गेले. पन्नाशीच्या बाईनं एवढं चालल्यावर कुणी तरी पाणी विचारावं. हेडमास्तरांनी आधी सही विचारली.

बाबांनी शेवटच्या दुखण्यात शाळेकडं परत पाठवलेलं, खणातून निघालं ते एवढंच: एक दुर्बीण, तिच्या एका डोळ्यात बुरशी. कापडी बांधणीचं एक लांबट रजिस्टर. आणि टकटक्या.

टकटक्या हे त्याचं आमच्या गावातलं नाव. खरं नाव काय ते बाबांनाही कधी कळलं नाही. मुठीत मावेल एवढं गोल, चकचकीत यंत्र. वर एक कळ, पुढं चार आकड्यांच्या चार खिडक्या. कळ दाबली की टक, आणि आकडा एकानं पुढं. बाजूची चावी फिरवली की सगळे आकडे पुन्हा शून्यावर. ते मी हातात घेतलं तेव्हा खिडक्यांत ००५३ होतं. अंगठा आपसूक कळीवर गेला, आणि तिथंच थांबला.

रजिस्टर उघडलं. आधी उंदरांचा वास आला, मग खडूचा, आणि मग सगळ्यात मागून, लाजत लाजत यावा तसा, साबणाचा. बाबांचा वास तोच. खडू आणि साबण. ते दिवसातून तीन वेळा हात धुवायचे, कोपरापर्यंत, जेवायचं असो वा नसो. मला लहानपणी वाटायचं, सगळेच शिक्षक असे धूत असतील.

मी रजिस्टर काखेत मारलं आणि शाळेच्या छतावर गेले.

हे छत म्हणजे आमचा रंगमंच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा गावात पहिला स्लॅब पडला तो या शाळेवर, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी हैदराबादहून एक प्रोफेसर जीप घेऊन आले. उंच, हडकुळे, डोक्यावर कापडाची टोपी, बोलणं तेलुगू वळणाच्या हिंदीत. त्यांना जिल्ह्यात जागोजागी पक्षी मोजणारी माणसं हवी होती. तलावावरची बदकं, बगळे, करकोचे, आणि राबंदू. राबंदू म्हणजे गिधाड, हे बाबांनी सांगितलं तेव्हा जमलेल्या मंडळींत खसखस पिकली. गंगाराम पटेलनं विचारलं की मोजून झाल्यावर सरकार त्यांना रेशनकार्ड देणार आहे का. पटेल गावचे मोठे शेतकरी. त्यांच्या विनोदाला हसणं ही गावाची रीत होती. प्रोफेसर मात्र हसले नाहीत. त्यांनी दुर्बीण, छापील रकान्यांचं रजिस्टर आणि टकटक्या बाबांच्या हातात ठेवला, तलावाच्या पाण्यात बुडवला की रंग बदलणाऱ्या कागदांची एक डबी दिली, आणि एक नियम सांगितला. तो बाबांनी पुढं फळ्यावर लिहून आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतला.

"जो देखा वही लिखना, मास्टरसाब. गये नहीं तो खाना खाली छोड़ना. गये और कुछ नहीं मिला, तब शून्य."

बाबांना हे फार आवडलं. रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक आहे, ही गोष्ट त्यांना आयुष्यभर माहीत होती, पण कुणी इतकी नीट सांगितली नव्हती. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, शिक्षकी शिक्षणाच्या प्रवेशाची वाट पाहत घरी बसलेली, स्वतः एक रिकामा रकानाच. बाबांनी मला मदतनीस नेमलं.

दर महिन्याचा दुसरा रविवार. सकाळी आठ. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बांबूच्या शिडीनं वर चढायचे. मागून मी, रजिस्टर डोक्यावर घेऊन. खाली अर्धा गाव. गावात आलेली ती पहिली दुर्बीण, त्यामुळं प्रत्येकाला तिच्यातून काही ना काही पाहायचं होतं. पटेलनं एकदा पाहण्यासाठी मागून नेली आणि चार दिवस ठेवून घेतली. ते माळ्यावर बसून तिच्यातून आपल्या कापसातल्या बायका वेचतात की बसतात ते पाहत होते. बाबांनी ती परत आणली त्या दिवसापासून रात्री उशाखाली घेऊन झोपायला लागले.

तलाव पश्चिमेला. तो सोपा होता. बाबा काठावर जाऊन मोजायचे, पाण्यात कागद बुडवायचे, रंग जुळवून लिहायचे. गिधाडं पूर्वेला. तिथं एक उंच सावरीचं झाड होतं, आणि झाडापलीकडं बांधाच्या आड ढोरफोडी. गावातली मेलेली ढोरं टाकायची जागा. छतावरून झाड स्वच्छ दिसायचं. खालची जमीन दिसायची नाही.

आणि बाबा तिथं जाणार नव्हते.

हे कुणाला नव्यानं सांगताना मला अजून थोडं थांबावं लागतं. माझा आजा, आबाजी, तरुणपणी ढोर ओढायचा. ते काम आमच्या लोकांवर गावानं टाकलेलं होतं; कुणी विचारलं नव्हतं. मग आमच्या माणसांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर आबाजीनं ढोर ओढायचा दोर नदीत सोडून दिला. सुरीही सोडली. त्या वर्षी गावानं आमच्या मोहल्ल्याला कापसाचं काम दिलं नाही. ज्वारी नव्हती, अंबाडीची भाजी उकडून खाल्ली. तरी दोर परत आला नाही. ज्याचं ढोर त्यानं ओढावं, असं ठरलं. पटेलच्या वडिलांनी तोंडाला उपरणं बांधून स्वतःची म्हैस स्वतः ओढली, ती वाटेत गाड्यावरून घसरली, आणि त्या प्रसंगाची नक्कल आबाजी म्हातारपणापर्यंत करायचा. उपरण्यासकट. म्हशीसकट. ती नक्कल मला येते. पुढं कधी तरी समोरासमोर करून दाखवीन.

बाबा तेव्हा दुसरीत होते. त्याच्या आधी ते आबाजीबरोबर त्या जागी जात असत. शाळेत त्यांना दाराजवळ बसवायचे आणि वारा फिरला की वर्ग नाकं धरायचा. दोर नदीत गेल्यावर त्यांनी आबाजीला एकच वचन दिलं, आणि आबाजीनं त्यांना. आपलं पाऊल पुन्हा तिकडं पडणार नाही. बापलेक दोघंही ते पाळत होते. बाबांनी तर तीस वर्षं त्या बाजूचा रस्ताही धरला नव्हता.

प्रोफेसरांना हे सांगायचं कसं? बाबांनी सांगितलं नाही. त्यांनी हिशेब मांडला.

आबाजीला गिधाडांबद्दल गावात सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं. पांढऱ्या पाठीचं कोणतं, लांब चोचीचं कोणतं, लाल डोक्याचं राजगिधाड आधी कसं उतरतं आणि बाकीचे कसे थांबतात, हे तो लग्नाच्या पंगतीसारखं सांगायचा. नवरदेव कोण, व्याही कोण, रुसलेला मामा कोण. बैल असला तर तासाभरात नुसती हाडं. "आपल्या गावात बुंदी वाढाले याच्यापेक्षा जास्त येळ लागते," असं म्हणून तो दात नसलेलं हसायचा. त्यानंच एकदा सांगितलं होतं की अर्धे जेवतात आणि अर्धे झाडावर बसून वाट पाहतात. बाबांनी ते उचललं. झाडावर जेवढी, तेवढीच खाली. म्हणजे झाडावरची मोजायची आणि दुप्पट करायची.

आबाजीला ते पटलं नव्हतं. ओट्यावर बसून, जवळपास आंधळ्या डोळ्यांनी छताकडं तोंड करून तो म्हणायचा, "वरतून मोजते का कोणी पंगत? पंगत पंगतीत बसूनच मोजा लागते."

"तुमीच सांगतलं ना अर्धे अर्धे," बाबा म्हणायचे.

"म्या जेवणाराचं सांगतलं. गणिताचं नाई."

पण ते दिवस सुरेख होते, खोटं कशाला बोलू. माघाच्या थंडीत सावरीची पानं गळलेली, लाल फुलं वाटीसारखी उघडलेली, आणि त्या लाल फुलांत ती काळीभोर, खांदे वर काढून बसलेली मंडळी. कुणी पंख पसरून उन्हाला दिलेले. वाऱ्यावर मोहाच्या झाडांचा वास. एखादं गिधाड झाडावरून उतरलं की सतरंजी झटकल्यासारखा आवाज छतापर्यंत यायचा. बाबांच्या डोळ्याला दुर्बीण, अंगठा कळीवर. टक. टक. टक. "तेवीस, बाई," ते मला सांगायचे. मी लिहायची तेवीस, कंसात दोन, बरोबर सेहेचाळीस. शेवटच्या रकान्याला प्रोफेसरांनी इंग्रजीत काही तरी नाव दिलं होतं. आमच्याकडं निजामाच्या वेळेपासून शेऱ्याला कैफियत म्हणतात, म्हणून बाबांनी त्यावर पट्टी चिकटवून कैफियत लिहिलं. तो रकाना कोराच राहायचा. बाबांना सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

आता माझं पाप.

त्यानंतर काही वर्षांनी, मी गुडीहत्नूरच्या शाळेत लागले होते आणि रविवारी घरी यायची, तेव्हाची गोष्ट. एका दुसऱ्या रविवारी बाबांना हिवताप भरला. गोधडीवर गोधडी, दातावर दात. त्यांनी डोळे न उघडता मला सांगितलं, आज गिनती तू कर. मी हो म्हटलं. रजिस्टर घेतलं, टकटक्या घेतला, अगदी कर्तव्यदक्ष चेहरा करून घराबाहेर पडले, आणि कोपऱ्यावरून वळून मैत्रिणीबरोबर सरळ इचोड्याला गेले. तिथं बाजारात बांगड्या भरल्या, ढाब्यावर भजी खाल्ली, मालट्रकांच्या पाठीवर लिहिलेल्या शायऱ्या मोठ्यांदा वाचल्या. परत येताना फाट्यावर उभं राहून मी टकटक्याची कळ दाबत सुटले. मजेत, बांगड्यांच्या तालावर. चाळीसला थांबले, कारण ऑटो आला.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, किती?

"चाळीस."

"बरोबर चाळीस?"

"बरोबर चाळीस, बाबा."

ते थोडा वेळ माझ्याकडं पाहत राहिले. तापात डोळे लाल होते. मग म्हणाले, दुप्पट लिही. मी ऐंशी लिहिले. माझ्या थापेला बाबांनी स्वतः दोनानं गुणलं, याची मला आतून इतकी गंमत वाटली की मी रात्री पांघरुणात तोंड खुपसून हसले.

दोन-तीन महिन्यांनी प्रोफेसरांचं पत्र आलं. बाकी ठिकाणची गिधाडं कमी होत चालली आहेत, काही गावांत तर दिसतच नाहीत, फक्त तुमच्या गावी वाढत आहेत, तुमच्या कामाबद्दल मनापासून आभार. बाबांनी ते पत्र प्रार्थनेनंतर शाळेत वाचून दाखवलं. पोरांना बुंदी वाटली. पटेलसुद्धा आले आणि म्हणाले, आमच्या गावची गिधाडं आहेत, वाढतीलच. दारात बसवलेल्या पोराचं नाव हैदराबादच्या कागदावर आलं होतं. बाबा त्या दिवशी हात धुवायला विसरले. मी ते पाहिलं, आणि पहिल्यांदा मला हसू आलं नाही.

पण वाढत होती हे नुसतं माझ्या ऐंशीमुळं नव्हतं, ही यातली खरी भीषण गोष्ट. माझ्या आधीचे आणि नंतरचे बाबांचे आकडेही वरच जात होते. झाडावर खरंच जास्त गिधाडं बसायला लागली होती. सव्वीस, तीस, तेहेतीस. आणि कशी शहाण्यासारखी बसायची. हलत नव्हती. उडत नव्हती. पूर्वी मोजताना एखादं उठायचं, दुसरं बसायचं, बाबा वैतागून चावी फिरवून पुन्हा सुरू करायचे. आता एका दमात गिनती व्हायची. माना खाली घालून बसलेली, वर्गात डुलकी लागलेल्या पोरांसारखी. बाबा कौतुकानं म्हणाले, सवय झाली त्यांना आपली.

ओट्यावरून आबाजीनं विचारलं, "उतरताना आवाज येते का?"

बाबांनी दुर्बीण खाली घेतली. सतरंजीचा आवाज कधी बंद पडला ते आम्हाला आठवेना.

मग वास आला. आधी पूर्वेचा वारा असला तरच, मग रोज. आमच्या गावाला मेलेल्या ढोराचा वास माहीतच नव्हता, कारण वास सुटायच्या आधी पंगत उठलेली असायची. आता तो घरात शिरला, पाण्याच्या माठावर बसला, भाकरीच्या वाफेत मिसळला. बायका दारं लावून स्वयंपाक करायला लागल्या. बाबा तीनाचे पाच वेळा हात धुवायला लागले. कुठून कुठून कुत्री आली, जाडजूड, माणसाला न भिणारी. पोरं हातात काठ्या घेऊन शाळेत यायची.

फाल्गुनातल्या एका शनिवारी मी रजा घेऊन घरी होते, तेव्हा दुपारी आबाजीनं मला जवळ बोलावलं. बाबा शाळेत होते.

"तुह्या बापानं अन् म्या शपत घेतली हाये," तो म्हणाला. "तुह्यावर कोणाची शपत नाई. तू जाय. पाहून ये."

"काय पाहू, आबाजी?"

"जेवतात का ते पाय."

मी गेले. टकटक्या बरोबर होता, कारण मला वाटलं होतं मी मोजीन. बांध ओलांडला. पटेलची गाय पडली होती, फुगलेली, चारी पाय ताठ. तिच्यावर माशांचा आवाज, एकसारखा, पिठाच्या गिरणीसारखा. बाकी काही नाही. तिच्यापासून सावरीपर्यंतच्या जमिनीवर सावरीची लाल फुलं पडली होती, आणि फुलांमध्ये गिधाडं. पंख अर्धे उघडलेले, माना पोटाखाली दुमडलेल्या. काही जुनी, नुसती पिसं आणि चोच. काही कालची. मी कळ दाबली. टक. टक. टक. तिसऱ्या टकला अंगठा गळाला.

वर पाहिलं. झाडावर ती बसलीच होती, तशीच, माना लोंबत. मी एक ढेकूळ फेकलं. एक उडालं, जड, फांदी शोधत पुन्हा बसलं. बाकीची हलली नाहीत. दोन फांद्यांच्या बेचक्यात एक अडकलेलं होतं, ते वाऱ्यानं हलत होतं. छतावरून आम्ही त्यालाही मोजत आलो होतो. आणि दुप्पट करत आलो होतो.

ढोरांच्या दुखण्यावर द्यायच्या कसल्याशा सुईनं हे झालं, असं पुष्कळ वर्षांनी कानावर आलं. तेव्हा कानावर फक्त माशा होत्या.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. सगळं सांगितलं, एक सोडून. आबाजी भिंतीला टेकून ऐकत होता. बाबांनी विचारलं, "मोजलं तू?"

"नाई बाबा. मोजवलं नाही."

"मंग जा लागन," ते म्हणाले. आबाजीनं मान हलवली. तेवढ्यावर चाळीस वर्षांची शपथ सुटली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, दुसरा नव्हता, साधाच. बाबांनी आंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, रजिस्टर काखेत, टकटक्या मुठीत. शेतातून मागच्या वाटेनं जाता आलं असतं. ते गावाच्या मधल्या रस्त्यानं गेले, मारुतीच्या पारासमोरून, चहाच्या हॉटेलासमोरून, सकाळी नऊ वाजता, जेव्हा सगळे बाहेर असतात. मी चार पावलं मागं होते. पटेल हॉटेलच्या बाकावर होते. बशीतला चहा फुंकत म्हणाले, "काय गुरुजी, जुना रस्ता आठोला वाटते."

हॉटेलात हसू फुटलं. बाबा थांबले. मला वाटलं आता ते परत फिरतील, आणि खरं सांगते, मला ते हवंही होतं.

"आठोला, पटेल," बाबा म्हणाले. "तुमची गाय चार दिवसापासून ततंच पडून हाये. कोणी तरी पाह्यलं पाहिजे ना."

पटेलनी बशी खाली ठेवली. बाबा पुढं गेले.

त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. जमिनीवरचं प्रत्येक गिधाड जवळ जाऊन, वाकून पाहिलं, मगच कळ दाबली. झाडाखाली, बांधाखाली, नाल्यात. दीड तास. त्रेपन्न. मग झाडावरची मोजली, ढेकूळ मारून, हललं ते जिवंत. अकरा. तिथंच, माशांमध्ये उभं राहून त्यांनी लिहिलं: जिवंत अकरा, मृत त्रेपन्न. आणि कैफियतच्या रकान्यात, पहिल्यांदाच: जागेवर जाऊन मोजले.

त्या रात्री ते लाल शाई घेऊन बसले. पहिल्या पानापासून गिधाडांचा प्रत्येक आकडा पट्टी लावून खोडला. इतक्या वर्षांचे. तलावाची बदकं, बगळे, पाण्याचे रंग तसेच ठेवले. ती जागेवर जाऊन पाहिलेली होती. मग माझे ऐंशी आले. बाबांनी तेही खोडले, आपल्याच आकड्यांसारखे, न थांबता, आणि बाजूला बारीक अक्षरात काही लिहिलं. मी दिव्याच्या पलीकडं होते, वाचता आलं नाही, आणि वाकून पाहायचा धीर नव्हता. मग प्रोफेसरांना पत्र लिहिलं: माझे गिधाडांचे सर्व आकडे रद्द समजावेत, मी जागेवर गेलो नव्हतो, चूक सर्वस्वी माझी. सर्वस्वी. त्या शब्दावर मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. मग पाणी पिऊन झोपले.

उत्तर आलं नाही. फॉर्म यायचे बंद झाले. हैदराबादच्या कुठल्या तरी फायलीत माझी ऐंशी गिधाडं अजून धडधाकट असतील. सुई नाही, वास नाही. आयुष्यात मी एवढीच गिधाडं वाचवली.

सावरीवरची अकरा पुढच्या महिन्यात चार झाली, मग एक, आणि पावसाळ्यानंतर काही नाही. आबाजी त्याच पावसाळ्यात गेला. शेवटच्या दिवसांत तो वारा हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. बाबा मात्र जात राहिले. दर दुसऱ्या रविवारी, पांढरा शर्ट, मधला रस्ता. शून्य मोजायला यंत्र लागत नाही, म्हणून टकटक्या घरीच ठेवायचे, त्रेपन्नवर. चावी त्यांनी फिरवली नाही. निवृत्त झाल्यावरही गेले. हॉटेलातली माणसं घड्याळ लावायची त्यांच्यावर. पुढं पटेल स्वतः उठून उभे राहायचे, तेही म्हातारे झाले होते. रजिस्टरच्या मागच्या पानांवर नुसती शून्यं आहेत, गोल, सारखी, एकाखाली एक, प्रत्येकासमोर जागेवर गेलो. मग अक्षर थरथरतं. मग एका महिन्यानंतर रकाने रिकामे.

हे सगळं मी छतावर बसून चाळत होते. रंगवाले खाली रेडिओ लावून भिंती घासत होते. पूर्वेला सावर नाही. तिथं कापसाचं मोठं गोदाम आहे, त्याचे पत्रे डोळ्यांवर येत होते. मी माझं पान शोधलं. सापडलं. ऐंशी, त्यावर लाल रेघ, आणि बाजूला कैफियतच्या रकान्यात ते बारीक अक्षर, जे मी त्या रात्री वाचलं नव्हतं.

"दुर्बीण माझ्या उशाखाली होती."

एवढंच. नाव नाही, दोष नाही. त्यांना त्याच संध्याकाळी माहीत होतं. बरोबर चाळीस, असं विचारताना डोक्याखाली दुर्बीण टोचत असेल. तरी दुप्पट लिही म्हणाले. जागेवर न जाता लिहिणाऱ्या पोरीला रागवायचं कोणत्या तोंडानं, असं वाटलं असेल. किंवा ताप असेल. मी रजिस्टर मिटलं. मग शिडी उतरले. आता जिना आहे, पण मला ती शिडीच वाटते.

मधल्या रस्त्यानं गेले. हॉटेल आहे, बाक बदलला. गोदामाच्या फाटकाशी राखणदार होता, वरंगलकडचा कुणी तरी. काखेत रजिस्टर पाहून तो उठला.

"क्या होना, मेडम?"

"कुछ नहीं. गिनना है."

"क्या गिनना?"

मी वर बोट दाखवलं. त्यानंही मान वर केली, कपाळावर हात आडवा धरून. आम्ही दोघं बराच वेळ पाहत होतो. आभाळ पांढरं होतं. एक घार, लांब तलावाच्या बाजूला. बाकी काही नाही.

"वहाँ तो कुछ बी नहीं है," तो म्हणाला.

"वही," मी म्हटलं, आणि रजिस्टर त्याच्या फाटकावर टेकवून रकाना भरला.